ढिगासाठी आणलेला पाला

गाय उठत नव्हती.

ऊन गोठ्याच्या पत्र्यावर चढलं होतं आणि ती एका कुशीवर पडून होती, मान लांब टाकून. कपाळावर आदल्या संध्याकाळचं हळदकुंकू तसंच होतं. गळ्यात झेंडूची माळ होती. पुढ्यातली रांगोळी तिनं पाय झाडून पुसून टाकली होती. मी तिचा कान हातात धरला. थंड. जनावराचा कान थंड लागला की पुढचं कुणी सांगावं लागत नाही. मागून काळपट पाण्यासारखं शेण वाहत होतं. पलीकडच्या खुंटाला बांधलेली तिची पाडी दावं गळ्याला काचेपर्यंत कासेकडे ओढ घेत होती, ओरडत होती.

मी रडले नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. ही गाय गेली की मला हे घर सोडावं लागणार.

घर माझंच आहे. म्हैसूरच्या जुन्या वस्तीत, अग्रहारातल्या मागच्या गल्लीत, पुढे दोन खोल्या, मागे परस, परसात गोठा. मुलगा शहराबाहेर बेळगोळच्या एका कारखान्यात आहे आणि त्याच रस्त्याला फ्लॅट घेऊन राहतो, तिसऱ्या मजल्यावर. त्याचा बाप गेल्यापासून तो म्हणतोय, आई, चल. मी म्हणायचे, गाय कुठे ठेवू, तुझ्या बाल्कनीत? इतकी वर्षं ते एक वाक्य मला पुरलं. आता ते वाक्यच समोर जीभ बाहेर काढून पडलं होतं.

गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी पोटावर थापट्या मारल्या, डोळ्याची पापणी उलटून पाहिली.

“अज्जी, निन्ने एनु हाकिद्रि?” काल काय घातलंत, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नेहमीचंच. नाचणीचा पेंढा, कोंडा, पेंड. आणि संध्याकाळी पूजेला बायका आल्या होत्या, त्यांनी बाजरीची भाकरी घातली. किती भाकरी, ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी त्या बायकांना घेऊन आलेल्या बाईला फोन लावला.

“अगं, काल गाईला काय काय घातलंत?”

“का हो आजी?”

“गाय पडलीय. डॉक्टर उभे आहेत.”

मग म्हणाली, “भाकरी. आणि गवारीच्या शेंगा. बस्स, एवढंच आजी.”

“नक्की?”

“नक्की.”

डॉक्टरांनी भाकरीचं अजीर्ण धरलं. जास्त धान्य गेलं की गाईचं पोट आंबतं, हे मलाही ठाऊक होतं. त्यांनी नळीनं सोड्याचं पाणी पाजलं, सुई टोचली, पाडीला तिच्या अंगावर सोडू नका म्हणाले आणि दुपारी येतो म्हणून गेले.

ही बाई कोण, ते सांगते. ती महाराष्ट्रातून आलेली. नवऱ्याला इथे मोठी नोकरी, रिंग रोडच्या बाहेर नव्या वस्तीत घर, घराभोवती बाग. देशी गाईचं दूध हवं म्हणून स्कूटरवरून अग्रहारात यायची. पहिल्या दिवशी मी तिच्याशी कन्नडमध्ये बोलले, मग ती फोनवर मराठीत बोलताना ऐकलं आणि मीही मराठीत बोलले. तिला केवढा आनंद झाला. आमचे पूर्वज म्हैसूरच्या पलटणीत होते म्हणून आम्ही इकडचे झालो, असं सांगितल्यावर तर मी घोड्यावर बसले असल्यासारखं ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी घोडा पाहिला नाही, गाईच पाहिल्या.

“आजी, तुमचं मराठी ऐकलं की इतकी मजा वाटते!” ती म्हणायची.

“हसतेस का मला?”

“नाही हो, गोड वाटतं. मध्येच ‘अय्यो’, मध्येच ‘साकु’.”

“माझ्या नातवाला तेवढंही येत नाही. त्याचं ऐकलंस तर रडशील.”

मी चौथीपर्यंत शिकले, तेही कन्नड शाळेत. मराठी घरातलं. तिला ते गोड वाटायचं ते वाटू दे. दूध घ्यायला येणारी बाई चार शब्द बोलली तर बरंच असतं.

त्या वर्षी गल्लीतल्या लोकांनी तक्रार केली की गोठा धुतलेलं पाणी गटारात जातं आणि वास येतो. वॉर्डाचा माणूस येऊन गेला. गटारात शेण दिसलं तर गाय ठेवता येणार नाही, असं दारात उभं राहून मोठ्यानं सांगून गेला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. मुलाच्या कानावर गेलं. तो म्हणाला, “बिडु आई. सोड आता. लोकांचं ऐकून घ्यायचं हे वय आहे का तुझं?” मी म्हटलं, लोकांनी माझं ऐकून घ्यायचं वय आहे. पण आतून मी घाबरले होते. पूर्वी शेणाच्या गोवऱ्या थापायचे, आता भिंत शेजाऱ्याची झाली. पूर्वी खेड्यातून गाडी येऊन उकिरडा भरून न्यायची, ती कधीच बंद झाली.

हे सगळं मी त्या बाईला सांगितलं नव्हतं. तिनं वॉर्डाच्या माणसाचं बोलणं दुधाचा डबा हातात धरून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “आजी, माझ्याकडे पाला आहे, तुमच्याकडे शेण. दोघी मिळून सोनं करू.”

“सोनं राहू दे. शेणाला जागा झाली तरी पुष्कळ.”

तिच्या नवऱ्यानं पाला कापायचं विजेचं यंत्र घेतलं होतं. बागेतली छाटणी, सुकलेल्या फांद्या, गवत, सगळं त्यात घातलं की बारीक चुरा होऊन पोत्यात पडतो. ती त्याला श्रेडर म्हणायची. मला ती सरळ कुट्टी वाटायची, गुरांना कडबा कापून घालतात तशी. त्या चुऱ्याचं खत करायचा तिनं स्वतःच्या घरी प्रयत्न केला होता. प्लास्टिकच्या पिंपात ओलं गवत दाबून भरलं. ते सडलं. चिकट, हिरवंकाळं, आणि असा घाण वास की तिच्या शेजारणीनं भिंतीवरून नाक धरून दाखवलं म्हणे. म्हणून तिला माझा परस हवा होता. मला तिचा पाला हवा होता. एकमेकींच्या गरजेनं झालेली गोष्ट, त्यात कुणाचा उपकार नव्हता. हे सांगून ठेवते, कारण नंतर ती सगळीकडे ‘आजींना मदत केली’ असं सांगायची.

ढीग कसा लावायचा ते आम्ही चुकत चुकत शिकलो. पहिला ढीग बिघडला. चुरा फार बारीक, वर शेणकाला, दोन्ही मिळून कणकेसारखं बसलं. आत वारा शिरेना. आंबट वास यायला लागला. मग मी खाली नारळाच्या सुक्या झावळ्यांचे देठ आडवे टाकले, त्यावर गोठ्यातला उरलेला पेंढा, मग चुऱ्याचा थर, मग शेणकाला, मग कोरडी पानं, मूठभर माती. ती कुठेतरी वाचून आली की गुळाचं पाणी शिंपडलं की पाला लवकर कुजतो. मंडी मोहल्ल्यातून काळा गूळ आणला. ते गुळाचं पाणी ती घरीच चुऱ्यावर मारायची, पोत्याचं तोंड बांधून ठेवायची आणि मग माझ्याकडे आणायची. मी वर आंबट ताक घालायचे, दुधाला विरजण लावतात तसं. ओलं गोणपाट टाकून झाकायचे.

दुसरा ढीग तापला. तिसऱ्या दिवशी आत विळा खुपसून काढला तर पातं हाताला सोसेना. सकाळी थंडीत त्यातून वाफ निघायची. वरच्या पानांवर पांढरी बुरशी यायची, भस्म लावल्यासारखी. मग पंजानं ओढून आतलं बाहेर, बाहेरचं आत करायचं. मूठ वळून दाबली की पाणी गळायला नको, पण मूठ सुटायलाही नको, असा ओलावा ठेवायचा. हे काम मला आवडायला लागलं. मी कुणाला सांगितलं नाही. या वयात कचऱ्याच्या ढिगाची माया लागली म्हणून सांगितलं तर मुलगा डॉक्टरकडे नेईल.

गटार कोरडं झालं. वॉर्डाचा माणूस परत आला, आत डोकावला आणि निघून गेला. दसऱ्यापर्यंत असं बरं चाललं होतं. गाय व्यायली, पाडी झाली.

तिला पाडी झाली म्हणून तर ते सगळं झालं. दिवाळीच्या आधी ती बाई म्हणाली, “आजी, वसुबारसेला तुमच्याकडे येऊ का? गाय आणि वासरू, दोन्ही हवीत पूजेला. आमच्या तिकडे कुठे मिळणार?”

आमच्यात वसुबारस नाही. आमचा गुरांचा सण संक्रांतीला. त्या दिवशी गुरं धुवून, शिंगं रंगवून, संध्याकाळी पेटवलेल्या पेंढ्यावरून उडवतात. किच्चू म्हणतात त्याला. वसुबारसेचं मी ऐकून होते, केलं कधी नाही. मी म्हटलं, या की. गाय काय कुणाला पूजा नको म्हणते?

त्या तिघी आल्या. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी, रेशमी साड्या, नथी, हातात ताटं. तिनं आल्या आल्या डिकीतून ढिगासाठी आणलेल्या पाल्याचं पोतं काढून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलं. दिवाळीआधी माळ्याकडून कुंपण छाटून घेतलं होतं, त्याचा चुरा. “आजी, हे उद्या घाला ढिगात,” म्हणाली. मी बरं म्हटलं. नेहमीचंच पोतं होतं.

त्यांनी रांगोळी काढली, गाईचे पाय धुतले, ओवाळलं. गाय शांत उभी होती. गरीब जनावर, कुणीही जवळ गेलं तरी मान पुढे करायची. मी आत जाऊन सगळ्यांना कॉफी करून आणली, ताज्या दुधाची, फिल्टरची. ट्रे घेऊन बाहेर आले तर तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

“अय्यो, काय झालं?”

“आजी, आज आम्हाला दूध चालत नाही,” ती म्हणाली. “आजचं दूध वासराचं. आज आम्ही गाईचं काहीच घेत नाही.”

“मग आधी नाही सांगायचं?”

“राहू द्या ना आजी, काही नको.”

घरात आलेल्या सवाष्णी कोरड्या कशा पाठवणार? मी कॉफी परत आत नेली आणि लिंबू पिळायला बसले. मागे त्या फोटो काढत होत्या, हसत होत्या. एकीचा आवाज मला आत ऐकू आला.

“अगं, भाकरी दिसतच नाहीये फोटोत. हिरवं काहीतरी घाला तिच्यापुढे, छान दिसेल.”

मला वाटलं, गवारीच्या शेंगा घालतायत. मी सरबत ढवळत राहिले.

त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. घमेलं भरून तो चुरा गाईपुढे ठेवला होता. बाहेर येईपर्यंत घमेलं रिकामं होऊन बाजूला गेलं होतं आणि त्या पदर सावरत उभ्या होत्या. सरबत प्यायल्या, माझ्या पाया पडल्या, गेल्या. वासराच्या दुधाचा मान राखून गेल्या.

दुपारी डॉक्टर परत आले तेव्हा गाय कण्हत होती. त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, ठोका मध्येच थांबतोय, हे भाकरीचं नाही. अजून काय खाल्लं? मी म्हटलं, काही नाही. ते स्वतः गोठाभर फिरले. कोपऱ्यात उपडं पडलेलं घमेलं त्यांनी उचललं. तळाला गुळानं चिकटलेला हिरवा चुरा होता, आणि त्यात गुलाबी पाकळीचा तुकडा. त्यांनी तो नखानं खरवडून काढला, वास घेतला, मग पोत्यात हात घालून मूठभर बाहेर काढलं.

“कणगिले,” ते म्हणाले.

कणगिले म्हणजे कण्हेर. त्या बाईच्या घराचं अर्धं कुंपण कण्हेरीचं आहे.

माझ्याही पुढच्या दारात कण्हेर होती. देवाला मी रोज तिचीच फुलं घालायचे. गाय चरायला जाता-येता त्या झाडाला अंग घासून जायची, कधी पान तोडलं नाही. उभं झाड ती ओळखायची. चुरा केलेलं, गवतात मिसळलेलं, वर गुळाचं पाणी मारलेलं, ते तिनं कशावरून ओळखावं? ढिगाला विष चालतं. ढीग सगळं पचवतो. त्यासाठीच तर ते पोतं होतं.

डॉक्टरांनी घाईनं कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली, आणखी सुया दिल्या. मी विचारलं, सकाळी हे कळलं असतं तर वाचली असती का?

“हेळोक्कागल्ला, अज्जी.” सांगता येत नाही. मग नळी गुंडाळत म्हणाले, “कदाचित.”

त्यांनी ते बोलायला नको होतं असं मला कधी कधी वाटतं.

गाय दिवस मावळायच्या आत गेली. पाय ताठ केले, एकदा डोकं उचललं आणि टाकलं. पाडी तेव्हा ओरडायची थांबली होती, दमून.

दुसऱ्या दिवशी महानगरपालिकेची गाडी आली. पायांना दोर बांधून ओढून वर घेतलं. परसात पुरायची माझी इच्छा होती, पण शहरात तशी परवानगी नाही, आणि खड्डा खणायला जागाही नव्हती. मोकळी जागा होती तिथे ढीग होता. गाडीत चढवायच्या आधी मी तिच्या गळ्यातली झेंडूची माळ काढली आणि ढिगावर टाकली. दुसरीकडे कुठे टाकणार होते?

मुलगा सुट्टी काढून आला होता. गाडी गल्लीच्या टोकाला वळली तसा म्हणाला, “आई, वाईट झालं. पण आता देवानंच सोडवलं म्हण. पाडी गोशाळेत देऊ. घर बंद करू.”

“देवानं नाही, बायकांनी.”

“कुणी का असेना. साकु, पुरे आता. तू एकटी इथे काय करणार?”

“पाडी वाढवणार.”

“ती जगेल का? इतकी लहान आहे. आईचं दूध नाही.”

“जगली तर मी इथे राहीन. मेली तर तुझ्या तिसऱ्या मजल्यावर येते. मग एक शब्द बोलणार नाही.”

तो तयार झाला. त्याची खात्री होती पाडी मरणार. माझीही अर्धी होती.

ती बाई आली, डोळे सुजलेले. दारातच रडायला लागली. मी तिला आत ये म्हटलं नाही.

“आजी, आम्ही सगळ्या मिळून तुम्हाला दुसरी गाय घेऊन देऊ.”

“गाय म्हणजे मिक्सर आहे का, बिघडला की बदलून द्यायला?”

“मला खरंच माहीत नव्हतं कण्हेर विषारी असते.”

“ते मी विचारलं नाही. सकाळी फोनवर भाकरी आणि गवार का म्हणालीस, ते सांग.”

तिनं पदर तोंडाला लावला आणि गेली. त्यानंतर ती दूध घ्यायला आली नाही, अर्थात दूध होतंच कुठे.

पाडीला मी पाकिटाचं दूध पाजलं. घरात गोठा असताना दुकानातून पाकीट आणायची वेळ माझ्या सात पिढ्यांवर आली नसेल. कोमट करून, बोट तिच्या तोंडात देऊन, बोटावरून ओतायचं. पहिल्यांदा तिनं सगळं नाकातून बाहेर काढलं. मग पिऊ लागली आणि हगवण लागली. डॉक्टरांनी दूध पाणी घालून द्या म्हटलं, मीठ-गुळाचं पाणी द्या म्हटलं, भाताची पेज द्या म्हटलं. शेपूट, मांड्या, सगळं पिवळं व्हायचं, कोमट पाण्यानं धुवायचं, पुसायचं. पोरांचं केलं नाही तेवढं तिचं केलं. बरगड्या दिसायला लागल्या. उभी राहिली तर पुढचे पाय मुडपायचे.

त्यात थंडी पडली. गोठ्यात दुसरं जनावर नाही, ऊब कसली? पण ढीग तापलेला होता. गाय गेली तरी तिचं शेवटच्या आठवड्याचं शेण त्या ढिगात होतं आणि ते आपलं काम करत होतं. विळा आत घातला तर अजून चटका बसायचा. डॉक्टर म्हणाले होते, कण्हेरीचं विष त्या उष्णतेनं हळूहळू मरतं, पण पाडीला तोंड लावू देऊ नका. म्हणून मी ढिगाभोवती पत्रे उभे केले, वरही एक पत्रा टाकला. पत्र्यावर कोरडं गोणपाट पसरायचे. ते गरम झालं की काढून पाडीच्या पाठीवर घालायचे आणि दुसरं पसरायचे. दिवसभर हेच. आईच्या शेणाची ऊब लेकीच्या पाठीवर. गल्लीतल्या बायका बघून जायच्या आणि मला खूळ लागलं म्हणायच्या. एकीनं तोंडावर विचारलं, “अज्जी, पापड वाळवताय का?” मी म्हटलं, “हो, तुला देईन चार.”

उरलेलं ते पोतंही मी ढिगातच घातलं. रस्त्यावर टाकलं असतं तर दुसऱ्या कुणाच्या गाईनं तोंड घातलं असतं. हातांना फडकं बांधून, एकेक मूठ, ढिगाच्या मधोमध. ढीग उलटताना कधी गुलाबी पाकळी दिसायची, मग तपकिरी, मग दिसेनाशी झाली. झेंडूची माळही गेली. तिचा दोरा तेवढा राहिला, तो मी ओढून काढला.

हगवण थांबली तेव्हा मी कुणाला कळवलं नाही. पुन्हा लागेल अशी भीती होती. पाडी पेंढ्याची काडी चघळायला लागली तेव्हाही कळवलं नाही. संक्रांतीला मुलगा तिळगूळ घेऊन आला. मी दारात मूठभर पेंढा पेटवला, ज्योत वीतभरच. पाडीला दाव्यानं ओढलं. ती थबकली, फुरफुरली, आणि मग चारी पायांनी एकदम उडून पलीकडे गेली. मला पाडता पाडता राहिली. मुलगा बघत होता. त्यानं पाडीच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, “शिंग रंगवायला अजून शिंगच नाही हिला.” घराचं काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात कोंड्याचं पोतं पाठवलं.

त्यानंतर काही दिवसांनी फोन वाजला. ती बाई.

“आजी, कशा आहात?”

“आहे.”

“आजी… ते खत झालं असेल ना आता? म्हणजे, माझे गुलाब… सहज विचारलं.”

मी म्हटलं, ये.

ती रिकामी पोती घेऊन आली. मी पत्रे बाजूला केले. खत चांगलं झालं होतं. काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारखा वास. पाला कुठला, शेण कुठलं, कण्हेर कुठली, काही ओळखू येत नव्हतं. पाडी खुंटाशी उभी होती. त्या बाईनं तिच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

“आधी माझं उत्तर दे,” मी म्हटलं. “फोनवर खोटं का बोललीस?”

ती पोत्याची कड चुरगळत राहिली. मग म्हणाली, “मला वाटलं, तुम्ही रागवाल.”

मी काहीतरी मोठं कारण असेल म्हणून इतके दिवस वाट बघितली होती. नवऱ्याला भ्यायली असेल, पोलिसांना भ्यायली असेल. नाही. म्हातारी रागवेल म्हणून.

“रागावले असते,” मी म्हटलं. “नक्कीच रागावले असते. मग?”

मी घमेलं घेतलं आणि तिची पोती भरायला लागले. तेच घमेलं. तिनं ते ओळखलं.

“नको आजी, कसं घेऊ मी हे?”

“मागायला तूच आलीस ना? अर्धं तुझं ठरलं होतं. ठरलं ते ठरलं. भाजीला घालू नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय. कण्हेरीला घाल.”

ती रडली, पण पोती घेऊन गेली. स्कूटरवर पुढे एक, मागे एक. माझा अर्धा वाटा मी पुढच्या दारातल्या झाडांना घातला. कण्हेर मात्र मी तोडून टाकली होती. देवाला आता दुसरी फुलं घालते, मिळाली तर.

डॉक्टरांचं ते ‘कदाचित’ माझ्याजवळ आहे. ढिगात सगळं कुजतं, ते कुजलं नाही.

पाडीला आता बोटभर शिंगं आलीत. मी अग्रहारातच आहे. वसुबारसेच्या दिवशी गोठ्यात गाय होती, पाडी होती आणि मी होते. त्यातून पाडी जगली, आणि मी.